शुक्रवारी सूर्यास्ताआधी कॅमेरा बॅगेत : बेने इस्राएल कार्यांच्या फोटोग्राफीबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमधले बरेच प्रश्न एकाच विषयावरचे निघाले म्हणून अख्खा कॉलम त्यालाच देतेय. ठाणे, मुंबई, पनवेल, अलिबाग, पुणे या पट्ट्यात नव्याने फोटोग्राफी करणाऱ्या मुलामुलींना बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, घरांमधून मेंदीची, लग्नाची, मलिद्याची (पोहे-फळांचं ताट मांडून करायचा आमचा प्रार्थनाविधी) कामं मिळतायत, आणि काम घेतल्यावर त्यांच्या लक्षात येतं की आपल्याला यातलं काहीच माहीत नाही. मी स्वतः बेने इस्राएल घरातली, आमचं मूळ गाव रायगड जिल्ह्यातलं, आणि कार्यांचे फोटो काढणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे दोन्हीकडून सांगता येईल.

प्रश्न : ताई, मी आत्तापर्यंत हिंदू आणि ख्रिश्चन लग्नांत सेकंड शूटर म्हणून काम केलंय. आता कॉलेजच्या मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनामंदिरात) आहे आणि तिने मलाच सगळं काम दिलंय. मी ज्यू लग्न एकदाही बघितलेलं नाही. काय काय होतं, कुठे उभं राहायचं? (एक वाचक, डोंबिवली)

अभिनंदन, आणि आधी एक गोष्ट करा, मैत्रिणीला फोन करून मेंदी, मलिदा आणि लग्न हे तिन्ही कधी आणि कुठे आहे ते विचारा. बऱ्याच नव्या फोटोग्राफरना वाटतं सिनेगॉगमधला तासाभराचा विधी म्हणजे लग्न, आणि ते मेंदीला जातच नाहीत किंवा अर्धा तास तोंड दाखवून निघतात. आमच्याकडे खरी गंमत, खरं रडणं, मावश्या-आत्यांची गाणी, हिरव्या बांगड्या, हे सगळं मेंदीच्या रात्री असतं. सिनेगॉगमध्ये सगळे नटूनथटून आणि जरा आवरून बसलेले असतात. तुम्हाला एकाच ठिकाणी जास्त वेळ थांबणं परवडत असेल तर मेंदीला थांबा असं मी म्हणेन.

आता लग्न. सिनेगॉगच्या मध्यभागी कठडा असलेला एक चौथरा असतो, त्याला तेबा म्हणतात, आणि पश्चिमेच्या भिंतीला हेखाल, म्हणजे जिथे सेफेर तोरा, धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या, ठेवलेल्या असतात ते कपाट. पश्चिमेला का तर आपल्याकडून जेरुसलेम पश्चिमेला. हे फोटोग्राफरच्या दृष्टीने फार कामाचं आहे कारण सकाळच्या कार्यात हेखालवर समोरून छान उजेड पडतो आणि संध्याकाळच्या लग्नात त्याच बाजूच्या खिडक्यांमधून सूर्य तुमच्या तोंडावर येतो, सगळे चेहरे काळे. म्हणून लग्न ज्या वेळेला आहे त्याच वेळेला आदल्या आठवड्यात एकदा जाऊन उभं राहून बघा, पण शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवार सोडून.

नवरा आधीच तेबावर येऊन उभा असतो. नवरी दारातून आत येते, बहुतेक पांढऱ्या साडीत किंवा गाऊनमध्ये, डोक्यावरून ओढणी, आणि ती चालत येत असताना नवरा तिच्याकडे बघत हिब्रू गाणं म्हणतो, "योनाती झिव". ही बेने इस्राएल लग्नाची खास जागा आहे आणि तुमची सगळ्यात मोठी अडचणही इथेच होते, कारण एकाच वेळी दोन टोकांना दोन माणसं आहेत आणि दोघांचे चेहरे तितकेच महत्त्वाचे. दुसरा फोटोग्राफर असेल तर सोपं आहे. एकटे असाल तर माझं मत स्पष्ट आहे, तुम्ही गाणाऱ्या नवऱ्याचा चेहरा धरा. नवरीचं चालणं व्हिडिओवाला घेणारच, पन्नास पाहुण्यांचे मोबाइलही घेणार, ती तेबापाशी पोचली की तुम्हालाही तिचा फोटो मिळेल. पण अख्ख्या समाजासमोर गाताना ज्याचा आवाज जरा कापतोय त्या मुलाचा चेहरा त्या दोन-तीन मिनिटांतच असतो.

मग द्राक्षरसावर आशीर्वाद, अंगठी, कतुबाचं म्हणजे लग्नाच्या कराराचं वाचन, साक्षीदारांच्या सह्या, सात आशीर्वाद, आणि पायाखाली ग्लास फोडणं. अंगठी उजव्या हाताच्या तर्जनीत घालतात, हे माहीत नसलं की फोटोग्राफर डाव्या बाजूला जाऊन थांबतो आणि त्याला फक्त प्रार्थना म्हणणाऱ्या हझानची पाठ मिळते. कतुबा वाचायला बराच वेळ लागतो, त्या वेळात तेबाकडे बघत बसू नका, आजी-आजोबा, वरच्या गॅलरीतल्या बायका, बाकावर पेंगणारी पोरं, सगळं तेव्हाच घ्या. सह्यांच्या वेळी मात्र परत जवळ या, कारण कतुबा हा लग्नाचा करार आहे आणि त्यावर सही करणारा हात दोन्ही घरांना हवा असतो. ग्लास एका क्षणात फुटतो, शटर १/५०० ठेवा, कॅमेरा पायांवर नको, चेहऱ्यांवर ठेवा, कारण आवाज झाल्यावर सगळे एकदम हसतात, ओरडतात, तोच फोटो हवा असतो. आणि पांढऱ्या साडीला कॅमेऱ्याचं मीटर फसतं, साडी राखाडी येते, तेव्हा एक्सपोजर साधारण दोन-तृतीयांश स्टॉप वर घ्या.

पुढच्या वर्षीच्या तारखा धरताना अजून एक लक्षात ठेवा, आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे लग्नाचा धो धो सीझन, पण ज्यू कॅलेंडरमध्ये त्याच सुमाराला पेसाह या सणानंतर ओमेर नावाचे मोजणीचे दिवस येतात आणि निदान पहिल्या तेहतीस दिवसांत लग्नं साधारण करत नाहीत. तसंच तिशा बआव या शोकाच्या दिवसाच्या आधीचे तीन आठवडे, ते जुलै-ऑगस्टच्या सुमारास. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, आणि मोठ्या सणांना तर लग्न नाहीच. त्यामुळे या घरांची कामं तुमच्या बाकीच्या सीझनला आडवी येण्यापेक्षा पुष्कळदा रिकाम्या महिन्यांत येतात, आणि रविवारला फार मागणी असते.

प्रश्न : माझ्या शेजाऱ्यांच्या मुलाचं बार मित्झवा (तेरा वर्षांचा झाल्यावरचा विधी) आहे, शनिवारी सकाळी. ते म्हणतात फोटो काढायचे आहेत पण शनिवारी सिनेगॉगमध्ये कॅमेरा चालणार नाही. मी तर ज्यू नाही, मग मी काढले तर काय हरकत आहे? (नवीन फोटोग्राफर, पनवेल)

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताआधी सुरू होतो आणि शनिवारी रात्री तारे दिसायला लागल्यावर संपतो. त्या काळात आग पेटवणं, लिहिणं, विजेची उपकरणं चालवणं अशी कामं वर्ज्य असतात, फोटो काढणं त्यातच येतं. आणि आपल्यासाठी ते काम दुसऱ्या धर्माच्या माणसाकडून करवून घेणं हेसुद्धा धर्मशास्त्राला मान्य नाही. म्हणजे तुम्ही ज्यू नसल्याने वाट मोकळी होत नाही, उलट यजमानच अडचणीत येतात, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळतं की फोटोग्राफर कोणी बोलावलाय. काही घरं सैल असतात, हॉलमधल्या जेवणाला चालेल म्हणतात, तो त्यांचा निर्णय, पण सिनेगॉगमध्ये तिथल्या मंडळींचा शब्द शेवटचा. मुकादम, गब्बाय (हे सिनेगॉगचा कारभार बघतात) किंवा हझान यांच्यापैकी कोणाशी तरी आधी बोला. आणि हो, शनिवारी पैशांचं बोलणं, पेनड्राइव्ह देणं, चेक मागणं हे काहीही नको.

पण तुमच्या शेजाऱ्यांना सांगण्यासारखा एक चांगला उपाय आहे. तोरा फक्त शनिवारीच वाचतात असं नाही, सोमवारी आणि गुरुवारी सकाळच्या प्रार्थनेतही वाचतात. त्या दिवशी फोटोला धार्मिक अडचण नसते. शिवाय तेरा वर्षांचा झालेला मुलगा तेफिलीन, म्हणजे हाताला आणि कपाळावर बांधायच्या चामडी पेट्या, फक्त साध्या दिवशी बांधतो, शब्बाथला बांधत नाहीत. म्हणजे बापाने किंवा आजोबांनी मुलाच्या दंडाला चामड्याची पट्टी गुंडाळून देणं हा जो सगळ्यात जिवाभावाचा फोटो आहे तो शनिवारी मिळूच शकत नाही, गुरुवारी मिळतो. अडचण एवढीच की सार्वजनिक तोरावाचनाला दहा मोठे पुरुष लागतात, मिन्यान, आणि आपल्याकडच्या बऱ्याच सिनेगॉगमध्ये साध्या दिवशी सकाळी दहा जण जमणं कठीण असतं. मग काका, मामा, चुलत भाऊ सगळ्यांना सात-साडेसातला बोलवावं लागतं, ते घरच्यांनी आधी ठरवायला हवं. तुम्ही सुचवा, ते खूश होतील.

शनिवारचं काय मग, तर शुक्रवारची दुपार. घरात किती काय चाललेलं असतं त्या दिवशी, पांढरा टेबलक्लॉथ अंथरतात, काळ्या मनुका भिजवून किद्दुशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादासाठीचं, सरबत करतात, मुलगा कोपऱ्यात बसून शेवटचं पाठांतर करत असतो. आई मेणबत्त्या साधारण सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावते. मुंबईत नोव्हेंबरच्या शेवटी सूर्यास्त सहाच्या आसपास आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या पुढे, तेव्हा वेळ दर वेळी बघून घ्या, अंदाजाने जाऊ नका. मेणबत्त्या लागायच्या आत तुमचा कॅमेरा बॅगेत गेलेला असला पाहिजे, त्यांना सांगायला लागता कामा नये. आणि मग जर जेवायला थांबवलं तर थांबा. कॅमेरा नसताना एकदा सगळं बघितलं की पुढच्या वेळी काय काढायचं ते आपोआप कळतं.

ब्रित मिला म्हणजे सुंतेचं काम आलं तर गणित वेगळं. ते जन्मापासून आठव्या दिवशी, जन्माचा दिवस धरून, आणि दिवस सूर्यास्ताला बदलतो. सोमवारी सकाळी जन्मलेल्या बाळाचं पुढच्या सोमवारी, सोमवारी रात्री जन्मलेल्याचं मंगळवारी. बाळ ठणठणीत असेल तर आठवा दिवस शनिवारी आला तरी साधारण पुढे ढकलत नाहीत, मग फोटो नाहीत, विषय संपला. साध्या दिवशी असेल तर विधीच्या जागेचा क्लोजअप कोणालाही नको असतो, मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या सांदाकचा चेहरा घ्या, आईचा घ्या, आणि एलियाहू संदेष्ट्यासाठी मोकळी ठेवलेली खुर्ची असते ती घ्या.

प्रश्न : सिनेगॉगमध्ये फ्लॅश वापरावा का? माझ्याकडे क्रॉप सेन्सर बॉडी आणि किट लेन्स आहे. (पुणे)

प्रार्थना चालू असताना नको. आणि वापरून फायदाही होत नाही, कारण पुण्याचं लाल देऊळ म्हणजे १८६७ चं ओहेल डेव्हिड घ्या किंवा भायखळ्याचं मागेन डेव्हिड किंवा काळाघोड्याचं १८८४ चं केनेसेथ एलियाहू, छत इतकं उंच की बाउन्स केलेला उजेड परत येतच नाही, आणि लाकूड असेल तर पिवळा होऊन येतो. शिवाय आपल्याकडे सेफेर तोरा बहुतेक उभ्या कडक पेटीत असतात, कितीतरी ठिकाणी चांदीने मढवलेल्या, त्यावर समोरून फ्लॅश मारला की पांढरा डाग.

किट लेन्स ठेवा पण त्यासोबत ३५ एमएम एफ १.८ घ्या, सेकंडहँड मिळते, क्रॉप बॉडीवर तीच तुमची रोजची नजर होईल. पैसे असतील तर ८५. आयएसओ ३२०० ला घाबरू नका, ग्रेन असलेला फोटो अल्बममध्ये लागतो, हललेला लागत नाही. उभ्या माणसाला १/१२५, चालणाऱ्याला १/२५०. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरायचा मोह होतो पण एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून १/१०० किंवा १/५० वर ते बहुतेक जातात, तरी आधी टेस्ट घ्या. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका, झुंबरं पिवळी, ट्यूब पांढरी, खिडकीतून निळा उजेड, रंगीत काचा असतील तर आणखी वेगळा, रॉमध्ये काढा आणि एकच आकडा धरून ठेवा म्हणजे नंतर सगळे फोटो एकत्र दुरुस्त होतात.

लेन्सपेक्षा वागणं जास्त महत्त्वाचं आहे इथे. पुरुषांनी किप्पा ही छोटी टोपी घालायची, ज्यू नसलात तरी, दाराशी ठेवलेल्या असतात. बायकांनी ओढणी किंवा स्कार्फ, हात-खांदे झाकलेले. हेखाल उघडलं की सगळे उभे राहतात, त्या वेळी हेखाल आणि तेबा यांच्या मधे तुम्ही येऊ नका. सेफेर तोराला हात लावू नका, फ्रेमसाठी जरा इकडे सरकवा असं तर अजिबात म्हणू नका. वरची गॅलरी असते तिथून अँगल फार सुंदर मिळतो पण परंपरेने ती बायकांची बसायची जागा, पुरुष फोटोग्राफरने प्रार्थनेच्या मधे धाडकन वर जायचं नाही. मुलींनो, ही जागा तुमची आहे, या कामात मुलगी असणं हा सरळ सरळ फायदा आहे आणि जास्त मुलींनी यात यावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मलिदा म्हणजे नक्की काय आणि त्यात फोटो काढण्यासारखं काय असतं? एका घराने वास्तूच्या मलिद्याला बोलावलंय. (अलिबाग)

मलिदा हा आमच्या घराचा आत्मा आहे असं मी म्हणते. जगातल्या बाकीच्या ज्यूंकडे हा विधी असा नाही, हा कोकणात वाढलेला. नवस फेडायचा असो, नवं घर, परीक्षा, नोकरी, आजारातून उठणं, मेंदी, कशालाही मलिदा. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा, वर सभोवती फळं रचलेली, गुलाबाच्या पाकळ्या. एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याचं, गाणं सगळे मिळून म्हणतात, मग फळांवर आणि पोह्यांवर आशीर्वाद म्हणून सगळ्यांना वाटतात.

फोटोच्या दृष्टीने ताट तयार होत असताना पोचणं हे सगळ्यात मोठं काम. सात वाजता म्हणाले तर साडेचारला जा. नारळ खवणं, खजूर सोलणं, कोणाची केळी जास्त पिकली यावरून बोलाचाली, ताट कसं रचायचं यावर आत्याचा शेवटचा निर्णय, हे सगळं स्वयंपाकघरात चालतं आणि तिथे एक खिडकी असते, तेवढा उजेड पुरतो. ताटाचा वरून घेतलेला फोटो सगळेच काढतात, एक काढा आणि पुढे जा. गाणं सुरू झालं की चेहऱ्यांकडे वळा. लहान मुलांना शब्द येत नसतात, ती मोठ्यांच्या ओठांकडे बघत म्हणत असतात, तिथे कॅमेरा ठेवा. वास्तू असेल तर दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे आत धर्मवचनं लिहिलेली छोटी डबी, लावतात, तोही घ्या, आणि लावून झाल्यावर आत-बाहेर करताना हात लावून बोटांना मुका घेणारे पाहुणेही.

तुम्ही अलिबागचेच आहात म्हणून सांगते, जवळच्या खंडाळ्याला, घाटातलं नव्हे आपलं अलिबागजवळचं, एलियाहू हनाबीचा टापा म्हणतात ती जागा आहे. संदेष्ट्याचा रथ तिथून स्वर्गात गेला आणि खडकावर खुणा उरल्या अशी श्रद्धा. तू बिश्वात या झाडांच्या सणाच्या सुमाराला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, मुंबई-ठाण्याहून लोक तिथे येतात आणि मलिदा करतात. नव्या फोटोग्राफरला शिकायला याच्याइतकी चांगली जागा नाही, मोकळा उजेड, सगळ्या वयाची माणसं, आणि भक्ती आणि सहल दोन्ही एकत्र. खडकावरच्या खुणा भर दुपारी सपाट दिसतात, तिरका उजेड असताना घ्या. आणि लोक प्रार्थना करत असताना खडकावर चढून समोर उभे राहू नका, बाजूने घ्या.

प्रश्न : सिनेगॉगच्या दाराशी पोलिसांनी बॅग उघडायला लावली, फोटो काढताना पण हटकलं. एवढं कशाला? (मुंबई)

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात काय झालं ते आठवा, म्हणजे हा प्रश्न उरणार नाही. तेव्हापासून बंदोबस्त आहे आणि असावाच. ट्रस्टची परवानगी लेखी किंवा निदान मेसेजवर घ्या, ओळखपत्र न्या, तुमचं आणि असिस्टंटचं नाव आधी कळवा, अर्धा तास हातात ठेवा. फाटक, पोलीस, कॅमेरे, आत जायचे रस्ते यांचे फोटो काढू नका. कार्य चालू असताना स्टोरी टाकू नका, लोकेशन टॅग नको, आणि लहान मुलांचे फोटो आईबापाच्या स्पष्ट परवानगीशिवाय इन्स्टाग्रामवर अजिबात नाही. हनुक्का या आठ दिवसांच्या दिव्यांच्या सणाची सार्वजनिक मेनोरा (दीपमाळ) गेटवे ऑफ इंडियाला लावली गेलीय, तशा उघड्यावरच्या कार्यक्रमात जास्त मोकळीक असते. हनुक्काच्या साध्या दिवशी फोटोही चालतात, फक्त त्या सणातल्या शुक्रवारी हनुक्काचे दिवे शब्बाथच्या मेणबत्त्यांच्या आधी लावतात, तेवढ्यातच उरका.

प्रश्न : या लोकांकडून फी किती घ्यावी? (नवी मुंबई)

इतरांकडून घेता तेवढी. ज्यू म्हणजे श्रीमंत हा समज डोक्यातून काढून टाका, आमच्यात क्लार्क, नर्स, शिक्षक, रेल्वेतली माणसं हीच जास्त. काम चांगलं झालं तर पुढची तीन कामं त्याच लग्नातल्या पाहुण्यांकडून येतील, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि काम बिघडलं तरी तेवढ्याच वेगाने कळतं.

प्रश्न : मी मास कम्युनिकेशन करतेय. माझा फोटो प्रोजेक्ट "महाराष्ट्रातले शेवटचे ज्यू" असा आहे. रिकामी सिनेगॉग, एकटे वृद्ध असं काढायचं डोक्यात आहे. घरात प्रवेश कसा मिळवावा? (विद्यार्थिनी, मुंबई)

प्रवेश मिळेल, आमची माणसं चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. पण प्रोजेक्टचं नाव बदला असं मी तुम्हाला कळकळीने सांगते. आकडे खरे आहेत, १९४८ च्या सुमाराला बेने इस्राएल वीस हजारांच्या घरात होते, आज भारतात चार-पाच हजार असतील, बाकीचे इस्राएलला गेले. पण ती माणसं संपलेली नाहीत, गेलेली आहेत, आणि अश्दोद, दिमोना, लोद, बीरशेबाला घरं करून राहतायत, लग्नाला इथे येतात, मलिद्याला व्हिडिओ कॉल लावतात. आणि जे इथे आहेत ते रोज सकाळी लोकल पकडतात. ठाण्याचं १८७९ चं शाआर हशामाईम सणाच्या दिवशी भरलेलं असतं, तेव्हा तुम्हाला कॅमेरा नेता येत नाही, म्हणून रिकाम्या दिवशी जाऊन रिकामं सिनेगॉग काढायचं आणि बघा ओस पडलं म्हणायचं, हे खोटं होईल हो. वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस योम किप्पुर, उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा, त्या दिवसाचा एकही फोटो कोणाकडे नसतो.

ज्या आजींना तुम्ही खिडकीत एकटं बसवून काढणार आहात त्यांना विचारा की त्यांना स्वतःचा कसला फोटो हवाय. मला भेटलेल्या बहुतेक आज्यांना नातवंडांबरोबरचा हवा असतो, किंवा रोश हशाना या नववर्षाच्या आधी नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा घोटतानाचा. हलवा घोटणं ही सणाच्या आधीची तयारी, त्याचे फोटो खुशाल काढता येतात, आणि तास-तासभर ढवळावं लागतं म्हणून घरातले सगळे पाळीपाळीने येतात, एका कढईभोवती अख्खं कुटुंब मिळतं. तिथून सुरुवात करा. दोन-तीन घरांत वर्षभर जात राहा, सगळे सण एकदा होऊन जाऊ देत. मग जे दिसेल त्याला नाव द्या. म्हातारपण, कमी होत जाणं, तेही त्यात येईलच, ते लपवा असं मी म्हणत नाहीये, पण ते आधीच ठरवून जाऊ नका.

प्रश्न : नमस्कार, मी अश्दोदला राहते, मराठी वाचता येतं, लिहायला जरा त्रास होतो. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला हॉलमध्ये मलिदा ठेवलाय, सगळे नातेवाईक येणार. फोटो माझी मुलगी काढणार आहे, ती शिकतेय. मुलांना मराठी येत नाही. तिने काय करावं? (अश्दोद, इस्राएल)

तुमचं मराठी छान आहे, लिहीत राहा. कार्यक्रम शनिवारी रात्री ठेवला असेल तर उन्हाळ्यात तिकडे शब्बाथ साडेआठच्या आसपास संपतो, मग पाहुणे येईपर्यंत उशीर, म्हाताऱ्या माणसांचे ग्रुप फोटो सगळ्यात आधी उरकून घ्यायला सांगा, नंतर ती दमतात आणि चेहऱ्यावर दिसतं. शक्य असेल तर साधा दिवसच बघा.

मुलीला सांगा की आजीच्या पिढीतल्या प्रत्येकाचा एक स्वतंत्र फोटो घ्यायचा, कमरेपर्यंतचा, साध्या भिंतीसमोर, आणि तो घेताना त्या माणसालाच विचारायचं, पूर्ण नाव काय, गाव कुठलं, कोणाचे कोण, आणि उत्तर फोनवर रेकॉर्ड करायचं. आमच्या आडनावांत गाव असतंच, दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, पण त्या गावात घर कुठे होतं, तेलाचा घाणा होता का, कोण कधी विमानात बसलं, हे आता फक्त याच पिढीला माहीत आहे. फोटोसोबत आवाज असेल तर पुढे नातवंडांना मराठी न येऊनही आजीचा सूर तरी ऐकता येईल.

आणि त्या दिवशी सगळ्यांना आपापल्या घरातले जुने फोटो घेऊन यायला सांगा. हॉलच्या एका टेबलावर स्कॅनर लावून एखाद्या भाच्याला बसवा. ६०० डीपीआय पुरेसं आहे, छोटे पासपोर्ट आकाराचे असतील तर १२००. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, कितीतरी फोटोंच्या मागे मराठीत लिहिलेलं असतं, स्टुडिओचा शिक्का असतो, तारीख असते. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा किंवा खिडकीपाशी ठेवून वरून कॅमेऱ्याने घ्या. फाइलच्या नावात वर्ष, आडनाव आणि गाव टाका, आणि नावं मराठी आणि हिब्रू दोन्हीत लिहून ठेवा, कारण पेणकर हिब्रूत लिहिताना प्रत्येक घर वेगळं लिहितं आणि नंतर शोधताना सापडत नाही. एक प्रत मुलीकडे, एक तुमच्याकडे, एक इकडच्या नातेवाइकांकडे ठेवा, आणि इकडच्यांना पाठवताना व्हॉट्सॅपवर नको, तिथे फोटो दाबून लहान होतो, ड्राइव्हची लिंक पाठवा.